वेढ्यातल्या शिपायांचे डोळे

"या गोऱ्याला रंग पुरला नाही की काय गं?" आत्या म्हणाली. "सगळीकडे नुसतं पाणीच फासून ठेवलंय."

तिच्या हातात एका चित्राचा मोठा केलेला फोटो होता. श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात कुणी इंग्रज अधिकारी होता. तो लढायचा आणि लढाई नसेल तेव्हा छावणीत बसून जलरंगात चित्रं काढायचा. मधून कावेरी, तिच्यापलीकडे किल्ला, अलीकडच्या काठावर तंबू, बैल, अगदी खालच्या कडेला एक हत्ती, चुलींचा धूर आणि जिकडेतिकडे बसलेले, उभे राहिलेले, पाय पसरून पडलेले शिपाई. ढग रंगवलेलेच नव्हते. ढगांच्या जागी कोरा कागद सोडला होता.

"आकाश तर अर्धंच केलंय. जेवायला हाक मारली असेल."

या चित्राची हातानं हुबेहूब नक्कल करून द्यायची होती. ती पसंत पडते की नाही, यावर आत्यानं म्हैसुरात राहायचं की बेंगळूरला जायचं हे ठरणार होतं.

मंडी मोहल्ल्यात आमचं फ्रेम करून देण्याचं दुकान आहे. वडिलांनंतर ते मी चालवते. लग्नाचे फोटो, पदव्या, गेलेली माणसं आणि देव, सगळे आमच्याकडे काचेखाली जातात. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. दुकानाच्या वरच्या खोलीत ती देवांची चित्रं काढायची, म्हैसूरच्या जुन्या पद्धतीची. सफेदा आणि डिंक घोटून दागिने उठावदार करायचे, त्यांवर सोन्याचा वर्ख चढवायचा, मग रंग. हे तिला आजोबांनी शिकवलं. तिचं लग्न हुणसूरला एका तंबाखूच्या व्यापाऱ्याशी झालं होतं. थोड्याच दिवसांत ती बसनं परत आली, ट्रंक खाली ठेवली आणि म्हणाली, "साकु." साकु म्हणजे पुरे. आमचं मराठी असंच, निम्मं कन्नड; पुण्याचे पाहुणे मान तिरकी करून ऐकतात. त्या एका शब्दापलीकडे तिला कुणी काही विचारलं नाही आणि तिनं काही सांगितलं नाही.

मी सांगते आहे ती गोष्ट एसटीडीचे बूथ गल्लोगल्ली होते त्या काळातली. आत्या सत्तरीच्या पुढे गेली होती. वरच्या खोलीचा जिना लाकडी, उभा आणि एका बाजूला उघडा. त्यावरून ती घसरली आणि डावं मनगट मोडलं. बेंगळूरहून अण्णा आला. अण्णा म्हणजे माझा मोठा भाऊ, बँकेत मॅनेजर. माणूस चांगला आहे, पण कुणाचंही भलं करायचं ठरवलं की ऐकत नाही.

"आता दसरा झाला की बेंगळूरला यायचं," तो म्हणाला. "तिसरा मजला आहे, लिफ्ट आहे, टीव्ही आहे."

"माझं काम आहे इथं," आत्या म्हणाली.

"कुठलं काम? गेल्या वर्षात एक तरी चित्र कुणी मागितलं का? छापील देव मिळतात हल्ली, तेही लाइट लागलेले."

हे खरं होतं, म्हणून आत्या चिडली. "आणि कुणी मागितलं तर?"

"मागितलं आणि घेऊन गेलं, तर राहा. मी परत शब्द काढणार नाही."

मला विचाराल तर आत्या राहायला हवी होती, आणि त्यात माझा स्वार्थ होता. फ्रेमच्या पाठीला लागणारे प्लायचे तुकडे आणायला मला बेळगोळच्या कारखान्यांत जावं लागतं. तेवढा वेळ गल्ल्यावर ती बसायची. तिच्यासमोर घासाघीस करायची कुणाची हिंमत होत नसे. असं माणूस पगार देऊनही मिळत नाही.

त्यानंतर पंधरवड्यात मिलिट्रीतले एक निवृत्त मेजर दुकानात आले. श्रीरंगपट्टणच्या रस्त्यावर त्यांनी एक जुना बंगला घेऊन तिथं पाहुण्यांच्या उतरण्याची सोय केली होती. प्रत्येक खोलीत त्यांना त्या इंग्रजाची वेढ्याची चित्रं लावायची होती. मूळ चित्रं विलायतेत. पुस्तकातून फोटो काढून मोठे करून पाहिले, तर ते दवाखान्यातल्या तक्त्यासारखे दिसायला लागले. म्हणून हातानं रंगवून हवी होती.

"जसंच्या तसं," ते मला कन्नडमध्ये म्हणाले. "कलाकार लोक स्वतःच्या डोक्यातलं काहीतरी घालतात. ते नको. आधी एक करा. पास झालं तर बाकीची सगळी तुमची."

मी ताबडतोब हो म्हटलं. आत्यानं जन्मात जलरंगाचं चित्र काढलेलं नाही, हे त्यांनी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही.

पहिले दिवस आकाशात गेले. आत्याचे रंग दाट. तिच्या कृष्णामागचं आकाश एखाद्या भिंतीसारखं भक्कम असतं. इथं ओल्या कागदावर रंग सोडायचा आणि हात मागे घ्यायचा. हात मागे घेणं हे तिच्या स्वभावातच नव्हतं. कागदामागून कागद फुकट गेले. कशावर धोब्याच्या निळीसारखे डाग, कशावर नुसता चिखल. मग एकदा रंग आपसूक पसरून कडेला विरला, आणि ती त्याच्याकडे संशयानं बघत राहिली.

"हे मी केलं नाही," ती म्हणाली. "ह्यानं आपलं आपणच केलं."

"तसंच ठेव. हात लावू नकोस."

"फुकटचं काम आहे बाई हे," ती म्हणाली. पण त्यानंतर तिला ते जमायला लागलं. नदी तर अशी उतरली की मी खाली जाऊन दोन गिऱ्हाइकांना वर घेऊन आले.

माझी भीती वेगळीच होती, सोन्याची. आत्याला वर्ख दिसला की तिचा हात जातोच. वेढ्यातल्या सेनापतीच्या टोपीला तिनं सोनं लावलं की संपलं. म्हणून वर्खाच्या पुड्या मी खालच्या कपाटात कुलपात ठेवल्या आणि किल्ली कमरेला लावली.

"एवढासा. फक्त हत्तीच्या झुलीला," ती म्हणाली.

"हत्तीला नाही, घोड्याला नाही, कुणालाच नाही."

"बरं, यात आपले लोक कुठले?"

म्हैसुरातल्या प्रत्येक मराठी घराचा मूळपुरुष फौजेबरोबर घोड्यावर बसून आलेला असतो. आमचाही आला होता म्हणतात. मात्र घरात तलवार एकही सापडली नाही, कात्र्या पुष्कळ सापडल्या. त्या वेढ्यात इंग्रजांच्या बाजूनं मराठ्यांची फौज होती, एवढं मेजरांनी मला सांगितलं होतं. उजव्या कोपऱ्यातले भालेवाले तेच, असं मी आत्याला दाखवलं. तिनं भिंग लावून त्यांना नीट पाहिलं.

"अय्यो," ती म्हणाली. "यांना डोळेच नाहीत."

खरंच नव्हते. त्या इंग्रजानं तोंडाच्या जागी तपकिरी रंगाचा एकेक ठिपका दिला होता. लांबून माणसं दिसायची, जवळून मोहरी सांडल्यासारखी.

"लांबची माणसं आहेत, आत्या. अशीच काढतात."

"लांबची कसली? हा चुलीजवळचा बघ, याचं भांडंसुद्धा ओळखू येतंय. डोळे शेवटी काढायचे म्हणून ठेवले असतील आणि मध्येच कूच करायची वेळ आली असेल."

मी तेव्हाच कान टवकारायला हवे होते. आमच्या घरची रीत अशी, की चित्रात सगळं झालं तरी डोळे राहू द्यायचे. मग शुक्रवारी सकाळी डोकीवरून न्हाऊन, काही न खाता, कुणाशी न बोलता ते काढायचे; त्याला डोळे उघडणं म्हणतात. डोळे न उघडता चित्र घराबाहेर गेलं की आत्याच्या मते ते दाराबाहेर कुंकवाशिवाय गेलेल्या नवरीसारखं. पण ही रीत देवांची. शिपायांना ती लागू होईल हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी सोन्यावर पहारा देत बसले होते.

शुक्रवारी मी बेळगोळला गेले होते. परत आले तर आत्या दुकानात शांतपणे उपीट खात होती, केस ओले.

"झालं," ती म्हणाली.

मी वर गेले. चित्र खिडकीजवळ उभं करून ठेवलं होतं. नदी, किल्ला, धूर, सगळं जिथल्या तिथं. आणि अख्खी फौज माझ्याकडे बघत होती. चुलीजवळचा भांड्यातून मान वर करून बघत होता. तोफ ओढणारे तोफ सोडून बघत होते. पाय पसरून पडलेला पडल्या पडल्या बघत होता. भालेवाल्यांना भुवया आणि पिळदार मिशाही मिळाल्या होत्या. हत्ती बघत होता, बैल बघत होते. देवाच्या चित्रात देव भक्ताकडे बघतो, नाहीतर दर्शन कसं व्हायचं? आत्याला डोळे तसेच काढता येतात, सरळ, समोर. मी डावीकडे सरकले, ते डावीकडे बघायला लागले. मी खिडकीचं दार लावून घेतलं.

"मेजर रविवारी येणार आहेत!" मी खाली येऊन ओरडले.

"येऊ देत की. त्यांच्याकडेही बघतील."

रविवारी अण्णाही येणार होता, ट्रंक न्यायला गाडी घेऊन. त्याला जलरंगातलं काही कळत नाही, पण मेजर चित्र घेऊन जातात की टाकून जातात एवढं त्याला नक्की कळणार होतं.

पुसायचा प्रश्न नव्हता. कागदावरचा रंग खरवडला की भोक पडतं. मग मी मला येतं ते केलं. चित्राच्या कडेनं पुठ्ठ्याची जी पट्टी बसवतात, तिला आम्ही माउंट म्हणतो. ती मी खालच्या बाजूनं चांगली रुंद कापली. पुढची रांग तिच्याखाली गेली, आणि रोखून बघणारे सगळ्यांत मोठे डोळे त्या रांगेतच होते. वर जुन्या साठ्यातली हिरवट काच लावली. तिच्यात बघणाऱ्याला आधी स्वतःचंच तोंड दिसतं. उरलेले दूरचे डोळे खपून जातील असा माझा हिशेब.

आत्या सगळं बघत होती. "त्यांना पुठ्ठ्यात कोंडून मारतेस," एवढंच म्हणाली.

रविवारी अण्णा आधी आला. वरच्या खोलीत जाऊन आत्याची ट्रंक पलंगाखाली आहे की नाही हे त्यानं बघितलं आणि तिथंच स्टुलावर बसला. मग मेजर वर आले. मी चित्र त्यांच्या हातात न देता उंच खिळ्यावर लावलं होतं. ते कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत उभे राहिले.

"पाणी फार छान," ते म्हणाले. "धूर तर मुळापेक्षा बरा."

अण्णाचं तोंड उतरलं. आत्यानं पदर सारखा केला.

"पण हत्ती कुठे गेला?"

मी फडकं घेऊन काच पुसायला लागले.

"खाली हत्ती होता," मेजर म्हणाले. "मी हे चित्र वर्षानुवर्षं बघतोय. हत्ती हरवण्याइतका लहान नसतो."

"पुठ्ठ्याखाली असेल, सर," मी म्हटलं. "कापताना थोडं इकडेतिकडे होतं."

"काढा."

काढावं लागलं. काच बाजूला झाली, पुठ्ठा बाजूला झाला, आणि चित्र टेबलावर उजेडात आलं. मेजर वाकले. मग ते एक पाऊल डावीकडे गेले, मग उजवीकडे. अण्णाही उठून त्यांच्या मागे डावीकडे गेला, उजवीकडे गेला.

"हे सगळे माझ्याकडे का बघतायत?" मेजर म्हणाले.

"तुम्ही समोर उभे आहात म्हणून," आत्या म्हणाली.

"अम्मा, वेढा चाललाय. यांनी किल्ल्याकडे बघायला हवं."

"किल्ला कुठे पळून चाललाय? घरात माणूस आलं की माणसाकडे बघायची रीत असते."

"माझ्या पलटणीनं असं केलं असतं तर मी सगळ्यांना मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या." त्यांच्या मिशा थरथरत होत्या, रागानं की कशानं ते कळेना. "मूळ चित्रात डोळे नाहीत."

"राहिले होते. मी पुरे केले."

"मी काय सांगितलं होतं? जसंच्या तसं. हे नापास." ते सरळ उभे राहिले. "अम्मा, तुमचा हात उत्तम आहे. याच चित्रातले शिपायांचे डोळे मिटवून द्या, किंवा नवीन करून द्या. बिनडोळ्यांचे शिपाई मिळाले तर बाकीची सगळी चित्रं मी तुम्हालाच देतो."

अण्णानं आत्याकडे पाहिलं. मी पाहिलं. एवढंच म्हणायचं होतं, की बरं.

"उघडलेले डोळे मी मिटत नाही," आत्या म्हणाली. "आणि आंधळी माणसं काढत नाही."

"मग ट्रंक गाडीत ठेवू?" अण्णा म्हणाला. हळूच म्हणाला, पण म्हणाला.

आत्या पलंगाच्या दिशेनं वळली. चेहऱ्यावर काही नाही. हुणसूरहून आली तेव्हाही ती अशीच दिसली असावी. मला एकदम संताप आला, तिचा, अण्णाचा, त्या जेवायला उठून गेलेल्या इंग्रजाचा.

"थांब," मी म्हटलं. "तू काढू नकोस आंधळी. तू सगळं काढ आणि तोंडापाशी आलीस की ब्रश खाली ठेव. तोंडं मी करते."

"तुला काय येतं?"

"ठिपका येतो. त्या गोऱ्याला तरी त्याहून जास्त काय येत होतं?"

मेजर हसले नाहीत. त्यांनी आत्याच्या फुकट गेलेल्या आकाशांतला एक कागद माझ्यापुढे सरकवला. "दाखवा, मॅडम."

मी तपकिरी रंगात ब्रश बुडवला आणि एक ठिपका दिला, दुसरा दिला, जरा मोठा तिसरा दिला. आयुष्यभर खिळे ठोकले आहेत. नेमक्या जागी टेकवून हात उचलणं एवढं येतं. आत्या तेवढा वेळ छताकडे बघत होती. मेजरांनी कागद फोटोशेजारी धरला.

"पास," ते म्हणाले. मग अण्णाकडे वळून, तो दुकानातला कारकून आहे असं समजून म्हणाले, "दिवाळीनंतर पुढचे फोटो पाठवतो. लिहून घ्या."

ते गेल्यावर अण्णा म्हणाला, "हे काही खरं नाही. निम्मं काम ही करणार."

"मागितलं तर राहायचं असं ठरलं होतं, आणि झालं की घेऊनही जातील," आत्या म्हणाली. "हातांची मोजदाद ठरली नव्हती."

"आणि जिना? जिना तोच आहे ना?"

हे मात्र तो बरोबर बोलला. मी दुसऱ्याच दिवशी सुताराला बोलावून कठडा बसवून घेईन, असं कबूल केलं आणि बसवलाही. हे वर्षभर आधीच करायला हवं होतं, असं अण्णा म्हणाला. पण काहीतरी म्हटल्याशिवाय त्यालाही जाता आलं नसतं.

तो गाडीकडे निघाला तेव्हा आत्या नापास झालेलं चित्र घेऊन खाली आली. माउंट काढलेला, हत्ती मोकळा.

"मी येत नाही. हे घेऊन जा," ती म्हणाली. "हॉलमध्ये लाव. सगळे मिळून तुझ्यावर लक्ष ठेवतील."

अण्णाला नाही म्हणता येईना. त्यानं चित्र मागच्या सीटवर उभं केलं, आणि गाडी वळताना अख्खी फौज मागच्या काचेतून आम्हाला बघत बेंगळूरला गेली.

आठवड्याभरात वहिनीचा फोन आला. कामवाली हॉल झाडायला तयार नाही. टीव्ही लावला की आपण टीव्ही बघतो आणि ते आपल्याला बघतात. अण्णा तोंडासमोर पेपर धरून बसतो, पण पेपर वाचून संपतो. चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं तर चालेल का? मी आत्याला विचारलं. तिनं फोन माझ्या हातातून घेतला.

"चालेल की," ती म्हणाली. "पण मग ते शेजारच्यांकडे बघतील."

पुढची चित्रं वर्षभर चालली. सगळीकडे माणसंच माणसं. त्या अधिकाऱ्याला जमिनीवर मोकळी जागा बघवत नसे. दुकान बंद केलं की मी वर जायची आणि शिपायांना ठिपके द्यायची. आत्या माझ्याकडे पाठ करून बसायची, कारण ते पाप तिला बघायचं नव्हतं, आणि खोलीतून बाहेरही जायची नाही, कारण मी काय करते ते तिला कळायला हवं होतं.

"झाले का?" एका संध्याकाळी तिनं विचारलं.

"तोफेजवळचे राहिलेत."

"त्या कडेच्याला जरा बारीक दे. सगळ्यांना सारखंच काय चोपडतेस?"

"तू बघत नाहीस ना?"

"नाही बघत." ती वाटीतले ब्रश धुवायला लागली. मग म्हणाली, "मेजर घोड्यांबद्दल काही बोलले होते का गं?"

मी आठवून पाहिलं. शिपाई म्हणाले होते. घोडे म्हणाले नव्हते.

"नाही," मी म्हटलं. "पण सरळ समोर बघणारे नकोत. किल्ल्याकडे बघणारे कर."

"घोडा किल्ल्याकडे कशाला बघेल? त्याला चारा कुठे आहे ते बघू दे," आत्या म्हणाली, आणि शुक्रवार कधी आहे ते बघायला कॅलेंडरकडे गेली.